पेनड्राइव्हवरची स्थळं

वहिनी, लातूरच्या दवाखान्यात तुम्ही माझ्याशी शेवटचं नीट बोललात ते असं होतं : "दिवाळीत आजोबास्नी घेऊन या सरूताई. बघते मी. पण हाव म्हनत न्हाई, आधीच सांगून ठिवते." शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, आमच्या घरात कुणा म्हाताऱ्याचं काही बिनसलंय. तिनं माझ्याकडं फार मायेनं पाहिलं. आजोबा म्हणजे डेबियन नावाचं लिनक्स, संगणकात विंडोजऐवजी घालायची एक प्रणाली, आणि माझी भावजय सलाइन लावलेल्या हातानं अजून त्याला नकार देते आहे, हे मी तिला कसं समजावणार होते?

दिवाळीच्या आधीच तुम्ही गेलात. तेरावं झालं, पाहुणे पांगले, मी नांदेडला परतून कॉलेजात संगणकाचे तास घ्यायला लागले. वर्गात माझा आवाज नेहमीसारखाच निघतो, याचा मला रागही येतो. आणि गेल्या रविवारी मी आजोबांना पर्समध्ये घालून अहमदपूरला आले. वाद अर्धा टाकून गेलात तुम्ही, निकाल तरी ऐकून घ्या.

पण निकाल सांगायचा तर सुरुवातीपासून सांगावं लागेल, आणि मला सांगायचंही आहे. आता ही गोष्ट माझ्याशिवाय कोण सांगणार?

बैठकीतल्या त्या संगणकावर तुम्ही गावाच्या लग्नपत्रिका करायचात. सोबत शाळांच्या प्रश्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, कुणाच्या वास्तुशांतीची निमंत्रणं. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन यायचं आणि मजकुराबरोबर व्हायरसही द्यायचं. एका मोसमात संगणक इतका आजारी पडला, की चालू केल्यावर तुम्ही भाजी निवडून घ्यायचात तरी तो उघडलेला नसायचा. दुकानदार म्हणाला, मशीन जुनी झाली, फेकून द्या. तुम्हाला 'फेकून द्या' हा शब्दच मुळात आवडायचा नाही. मला फोन आला. मी लिनक्स सुचवलं, आणि मास्तरीण असल्यामुळं सगळी नावं एका दमात सांगून टाकली. उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, अशक्त मशीनसाठी झुबंटू. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "एवढी स्थळं? मंग नुसत्या नावावरून कसं सांगू? पाण्यात म्हैस अन् वर मोल. बघायचा कार्यक्रम करा की."

मला वाटलं, चेष्टा करताय. चेष्टा होतीच, पण तुमच्या चेष्टेत नेहमी कामाचं काहीतरी असायचं. लिनक्स पेनड्राइव्हवरून तात्पुरतं चालवून बघता येतं. संगणकात काही घालावं लागत नाही. बसवायचं, चार गोष्टी विचारायच्या, पसंत नाही पडलं तर काढून घ्यायचं आणि निरोप द्यायचा. मी इतकी वर्षं मुलांना हे शिकवत होते, पण हा बघण्याचा कार्यक्रम आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आता मी वर्गात तसंच शिकवते. मुलं हसतात, आणि परीक्षेत बरोबर लिहितात.

मग रविवारामागून रविवार मी नांदेडहून एसटीनं यायची. तुम्ही सुशीला करायचात, चुरमुऱ्यांची, वर शेंगदाण्याचं कूट आणि भरपूर कोथिंबीर घालून. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा होते. ते टोपी घालून खाटेवर बसायचे, मुलीकडचे असल्यासारखे. दादा शेतावरून येऊन दारातच उभा राहायचा. त्याला मत विचारलं की ठरलेलं उत्तर : "मला काय कळतंय त्यातलं? तुमी दोघी म्हनाल ते."

पहिल्या रविवारची फजिती आठवते? स्थळ तुम्हाला इतकं आवडलं, की तुम्ही त्यातच बसून जाधवांच्या घरची अख्खी पत्रिका करून टाकलीत. नावं, मुहूर्त, मामांची यादी, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' सकट. आणि लाइट गेली. परत आली तेव्हा पत्रिका नव्हती. पेनड्राइव्हवरून चालवलेलं काही लक्षात ठेवत नाही, हे सांगायचं मी विसरले होते. मला वाटलं, आता मला दोन शब्द ऐकावे लागणार. तुम्ही पडद्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "बगायला आलेल्या पावन्याला कामाला लावलं की असंच व्हतंय." आणि हसायला लागलात. अण्णासुद्धा हसले, त्यांना कारण कळलं नव्हतं तरी.

तुमचे प्रश्न ठरलेले होते. प्रिंटर ओळखतो का? जोडाक्षरं नीट काढतो का? लग्नपत्रिकेत 'लक्ष्मी' फुटून चालत नाही. पण या सगळ्यांच्या आधी तुम्ही एक प्रश्न विचारायचात, आणि तो स्थळाला नव्हे, घरातल्यांना : "नांदनार कोन?" म्हणजे रोज यावर बसणार कोण. ज्याला नांदायचं त्यानं हो म्हणायचं, बाकीच्यांनी सुशीला खायची. मी डेबियनसाठी भांडले. माझं म्हणणं साधं होतं. मिंट निघालं उबंटूतून, उबंटू निघालं डेबियनमधून. मूळ घराणं तेच. खाण तशी माती. लोक सोयरीक करताना कूळ बघतात, तर आपण का बघू नये? तुम्ही प्रिंटरमध्ये कागद भरत होता. मान वर न करता म्हणालात, "कुळ चांगलंच हाय हो. पन आजोबाशी लगीन लावायचं हाय का मला?"

अण्णांना ठसका लागला. दादा दारातून बाहेर गेला, हसू लपवायला. त्या दिवसापासून डेबियनचं नाव आजोबा पडलं, आणि मी हरले. मिंटनं वायफाय आपलं आपण धरलं होतं, आजोबांना तेव्हा ते वेगळं घालून द्यावं लागत होतं. मिंटची मांडणी तुमच्या हाताच्या सवयीची होती. अण्णांना पत्त्यांचा खेळ न विचारता सापडला. रोज नांदणार तुम्ही होता, आणि तुम्ही हो म्हणालात.

मग आपण मिंट घालायला घेतलं. घालताना ते चार गोष्टी विचारतं. भाषा कोणती, गाव कोणतं, कीबोर्ड कोणता. आणि मग विचारतं, तुमचं नाव काय? मी टाइप करायला हात पुढं केला. तुम्ही माझा हात अलगद बाजूला सारलात आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलंत : पद्मजा.

दादाच्या लग्नात तांदळाचं ताट मी धरलं होतं. मी शाळेत होते, नवं परकर-पोलकं होतं, आणि एवढं महत्त्वाचं काम मिळाल्याचा कोण अभिमान होता मला. दादानं अंगठीनं तांदळात लिहिलं : सुनंदा. आमच्या घरात सुनेचं नाव बदलतात. आईचंही बदललेलं होतं. 'सुनंदा' हे नाव आत्यानं काढलं होतं, सगळ्यांना आवडलं. बिलोलीहून आलेल्या त्या उंच मुलीला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे कुणाला माहीतही नव्हतं. त्या दिवसापासून रेशनकार्डावर, मतदार यादीत, तुमच्या लेकीच्या, कल्याणीच्या शाळेच्या दाखल्यावर तुम्ही सुनंदाच राहिलात. माहेरचं नाव फक्त बिलोलीला तुमच्या आईच्या तोंडी होतं, आणि त्या गेल्यावर तिथंही उरलं नाही.

आणि आता ते बैठकीत, पडद्यावर. संगणक चालू केला की पहिलं तेच यायचं, पद्मजा, आणि खाली पासवर्डची चौकट. पत्रिका करायला येणारं गाव ते वाचायचं. अण्णांनी एकदा विचारलं, "ही पद्मजा कोन?" तुम्ही म्हणालात, "मीच की." अण्णांनी "हं" केलं आणि पेपर वाचायला घेतला. दादा रोज सकाळी शेतावर निघताना त्या पडद्यासमोरून जायचा.

मी एकदा विचारलं होतं तुम्हाला. आपण दोघीच होतो, तुम्ही पत्रिकांचे गठ्ठे बांधत होता. म्हटलं, वहिनी, हेच नाव का घातलंत? तुम्ही दोरीची गाठ मारलीत, दातानं टोक तोडलंत आणि म्हणालात, "त्यानं इचारलं, म्हनून सांगितलं." तुमच्या आवाजात तक्रार नव्हती. एकदा तरी मी तुम्हाला त्या नावानं हाक मारायला हवी होती असं आता वाटतं, पण तुम्ही माझ्या वहिनीच होता आणि वहिनीला नावानं हाक मारायची जीभ माझी नाही. म्हणून फक्त सांगते, की ते नाव मला फार आवडायचं.

मला तुमचा अभिमान कशाचा वाटतो, हे तुमच्या तोंडावर सांगायची सोय नव्हती. तुम्ही आधीच इतकं मिरवायचात. "आमच्या मशीनला ताप येत न्हाई," असं येईल त्याला ऐकवायचात. मग लोक आपापल्या मशीन घेऊन यायला लागले. शिलाईवाल्या कुलकर्णीणबाई आल्या, निवृत्त झालेले पाटील गुरुजी आले. तुम्ही प्रत्येकासाठी बघायचा कार्यक्रम लावलात. गुरुजींना कीर्तनं ऐकायची होती आणि अक्षर मोठं हवं होतं, त्यांना मिंट दिलंत. धान्याच्या मोंढ्यामागच्या शिकवणीवाल्या पोराला मात्र तुम्ही सरळ परत पाठवलंत. त्याला लागणारा एक प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालत होता. "तुमचं हाय तेच बरं हाय. उगं आमच्या नादी लागू नगा," म्हणालात. मी चिडले. मी म्हटलं, एक माणूस आपल्याकडं येत होता आणि तुम्ही घालवलात. तुम्ही म्हणालात, "सरूताई, सोयरीक जमवताना खोटं बोललं की पुढं पोरीला तरास व्हतो." मी लिनक्सचा प्रचार करणाऱ्या पुष्कळ लोकांना ओळखते, मीही त्यांतलीच. कुणाला लिनक्स घालू नये हे सांगणारी बाई मी एकच पाहिली.

दर काही वर्षांनी मिंटची आवृत्ती जुनी व्हायची, मग सगळं पुसून नवं घालायचं, ही आपली पद्धत. त्या प्रत्येक वेळी मी आजोबांना घेऊन यायची. तुम्ही त्यांना बघून घ्यायचात, सुशीला मला द्यायचात आणि मिंटच घालायचात. मग नाव विचारलं जायचं, आणि तुम्ही तुमच्या हातानं ते लिहायचात. भांडण इतकं मुरलं होतं, की फोनवर तब्येत विचारायच्या आधी तुम्ही विचारायचात, "आजोबा बरे हाईत का?" या दिवाळीत पुन्हा वेळ आली होती. मी मनात सगळे मुद्दे तयार ठेवले होते. आजोबा आता वायफाय आपोआप धरतात, हे मी तुम्हाला दाखवणार होते.

गेल्या रविवारी पोचले तेव्हा सकाळच होती. दार उघडं होतं. दादा बैठकीत संगणकासमोर खुर्चीवर बसला होता, शेतावर जायचे कपडे घालून. पडद्यावर तुमचं नाव होतं आणि खाली रिकामी चौकट.

"काय करून राहिलास?" मी विचारलं.

"काही न्हाई. चालू करून बघून राहिलो."

"पासवर्ड?"

"मला कुठं म्हाईत."

म्हणून तो रोज सकाळी चालू करतो, थोडा वेळ बसतो, बंद करतो आणि शेतावर जातो. कल्याणीला हे शेजाऱ्यांकडून कळलं होतं. पुण्याहून तिनं मला आदल्या दिवशीच फोन केला होता. "आत्या, नवीन घालशील तेव्हा बाबांचं नाव टाक. रोज आईचं नाव बघत बसतात ते. नको वाटतं मला." मी हो म्हणाले होते. तुमच्या लेकीचं काही चुकलेलं नाही वहिनी, बापाची काळजी आहे तिला. पण खुर्चीत बसलेल्या दादाला पाहिलं आणि तो शब्द मला जड झाला. पुसायला तर हवंच होतं. आवृत्तीची मुदत संपली होती, पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. आणि पुसलं की ते नाव या घरातून जाणार, हे मी जाणून होते. ते दुसरीकडं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आधी तुमचं काम वाचवलं. पेनड्राइव्हवरून मशीन चालू केली, त्याला पासवर्ड लागत नाही, आणि तुमच्या सगळ्या पत्रिका दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. केवढी लग्नं लावलीत तुम्ही. दादा शेजारी बसून एकेक उघडून बघत होता. मध्येच म्हणाला, "ह्या पोरीला दोन लेकरं हाईत आता."

मग मी त्याला सांगितलं, दोन स्थळं आणलीत. नवं मिंट आणि आजोबा. मला वाटलं, तो म्हणेल, तू म्हनशील ते. आणि खरं सांगते, तसं म्हणाला असता तर मी मिंट घातलं असतं. समोर कुणी भांडायला नसताना जिंकून मी काय करणार होते? पण दादा उठला, आत गेला, आणि बऱ्याच वेळानं दोन ताटल्या घेऊन आला. सुशीला केली होती त्यानं. चुरमुरे जरा जास्तच भिजले होते, कूट विसरला होता. ताटली माझ्या हातात देऊन म्हणाला, "बघायचा कार्यक्रम हाय ना? मंग इचार."

"काय विचारू?"

"ती काय इचारायची?"

मी घास गिळला आणि विचारलं, "नांदणार कोण?"

"मी," दादा म्हणाला.

एवढ्या वर्षांत दारातून आत येऊन तो पहिल्यांदा बोलला. मग त्याला काय लागतं तेही सांगितलं. सोयाबीनचे भाव, हवामान, कल्याणीशी बोलणं आणि तुमच्या पत्रिका. मी दोन्ही स्थळं आळीपाळीनं दाखवली. आजोबांना मी मिंटसारखीच मांडणी करून आणली होती. "दोन्ही सारखंच दिसून राहिलं," तो म्हणाला. मी प्रामाणिकपणे फरक सांगितला, तुमच्यासारखा. मिंट चांगलंच आहे, त्यात अधूनमधून नवं काही येत राहतं. आजोबा लवकर बदलत नाहीत, फार वर्षं आहेत तसे राहतात.

"मंग आजोबाच घाल," दादा म्हणाला. "आता मला काई बदललेलं नगं."

अशी मी जिंकले वहिनी. तुमच्या गैरहजेरीत, पण तुमच्याच नियमानं. नांदणाऱ्यानं हो म्हटलं. मी बटण दाबलं, जुनं सगळं पुसलं गेलं. भाषा विचारली, गाव विचारलं, कीबोर्ड विचारला. आणि मग त्यानं विचारलं, तुमचं नाव काय?

मी कल्याणीला दिलेल्या शब्दाप्रमाणं दादाचं नाव लिहायला हात पुढं केला. दादानं माझा हात बाजूला सारला, अगदी तुम्ही सारला होतात तसाच. एका बोटानं एकेक अक्षर शोधत, मान पुढं काढून, त्यानं लिहिलं. शेजारी बसून मी ते एकेक अक्षर उमटताना बघत होते. पहिल्या दोन अक्षरांतच मला कळलं होतं, तरी 'जा' लिहून होईपर्यंत मी वाचत राहिले. हेच बोट तांदळात फिरलं होतं तेव्हा ताट माझ्याच हातात होतं.

मग मी मास्तरणीसारखं म्हटलं, "अरे, नांदणार तू. नाव तुझं घालायचं असतं."

"घर तिचं हाय," दादा म्हणाला. "मी नांदतो."

पासवर्ड त्यानं मला पाठ फिरवायला लावून घातला. काय घातला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मशीन बंद होऊन पुन्हा चालू झाली. पडद्यावर तुमचं नाव आलं, त्यानं चौकटीत काहीतरी लिहिलं, आणि या वेळी दार उघडलं.

कल्याणीला मी फोन करून सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "राहू दे आत्या."

आजोबा घरात आले, पद्मजावहिनी. तुम्ही हाव म्हटलं नव्हतं, हे मला मान्य आहे.